नांदण्याचा हुकूमनामा : दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई खटला आणि वैवाहिक हक्काची न्यायालयीन जडणघडण

प्रस्तावना

न्यायालयीन निर्णयांचा इतिहास सामान्यतः विजयी निकालांच्या आधारे लिहिला जातो. अपिलात जो निर्णय टिकला तो कायदा, आणि जो फिरवला गेला तो केवळ तपशील, असे समजण्याची प्रथा आहे. व्यक्तीच्या हक्कांच्या बाबतीत मात्र ही प्रथा नेहमीच उपयोगी पडते असे नाही. काही खटल्यांत हरलेला निकाल पुढील शतकभर प्रश्न विचारत राहतो आणि जिंकलेला निकाल अमलात येण्यापूर्वीच निष्प्रभ होतो. मुंबई उच्च न्यायालयात इ.स. १८८४ ते १८८८ या काळात चाललेला दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला अशा प्रकारचा आहे.

या खटल्याकडे आजवर मुख्यतः समाजसुधारणेच्या चळवळीतील एक प्रकरण म्हणून पाहिले गेले. बालविवाह, स्त्रीशिक्षण, सुधारक आणि सनातनी यांचा वाद या चौकटीत तो बसवला गेला. ती चौकट चुकीची नाही, पण तीमुळे एक मूळ प्रश्न झाकला जातो. पत्नीने पतीच्या घरी राहावे असा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला कोठून मिळाला? तो धर्मशास्त्राने दिला, रूढीने दिला, की इंग्रजी कायद्याने? रखमाबाईंच्या खटल्यातील तीनही निकाल प्रत्यक्षात याच प्रश्नाभोवती फिरतात, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

दाव्याची पार्श्वभूमी

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे विधुर असलेल्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नामवंत डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. इ.स. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पुनर्विवाहाच्या वेळी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. ही बाब पुढे वादाचा विषय झाली.

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी झाला. जावयाने सासरेबुवांच्या आश्रयाने शिकावे व मार्गाला लागावे अशी अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. दादाजींनी शिक्षण सोडले, प्रकृती बिघडली आणि ते मामाच्या घरी राहू लागले. रखमाबाई मात्र आईच्या घरी राहून वाचू-लिहू लागल्या. विवाहानंतर दोघांचा सहवास कधीच घडला नाही.

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांनी सखाराम अर्जुन यांना नोटीस पाठवली व पत्नीला नांदायला पाठवण्याची मागणी केली. नकार मिळताच दावा दाखल झाला. मालमत्ता हातातून जाऊ नये म्हणून आजोळच्या मंडळींनी मुलीला अडवून धरले आहे, असे दादाजींचे म्हणणे होते. रखमाबाईंची कैफियत अशी होती की, वादीला निवारा व निर्वाह पुरवण्याची ऐपत नाही, त्याची प्रकृती क्षीण आहे, ज्याच्या आश्रयाने तो राहतो त्या माणसाचे चारित्र्य चांगले नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा विवाह आपल्याला समज येण्यापूर्वी, आपल्या संमतीविना लावण्यात आला. दावा सुनावणीला येण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन यांचे निधन झाले.

शेवटचा मुद्दा त्या काळच्या न्यायालयात मांडणे हे धाडसाचे होते. हिंदू विवाहात वधूची संमती हा घटकच नव्हता. कन्या दान दिली जाते, ती करार करीत नाही, ही सर्वमान्य भूमिका होती. ऐपत व प्रकृती हे मुद्दे कोणत्याही पत्नीने मांडावेत असे होते. संमतीचा मुद्दा मात्र विवाहाच्या पायालाच हात घालणारा होता. हा मुद्दा वकिलाच्या चतुराईतून आला असे मानण्याचे कारण नाही. ‘अ हिंदू लेडी’ या नावाने रखमाबाईंनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहिलेले बालविवाहावरील पत्र २६ जून १८८५ रोजी, म्हणजे सुनावणीच्या तीन महिने आधी, प्रसिद्ध झाले होते.

न्या. पिन्हे यांचा निकाल

दाव्याची सुनावणी न्या. रॉबर्ट हिल पिन्हे यांच्यासमोर झाली व २१ सप्टेंबर १८८५ रोजी त्यांनी दावा फेटाळून खर्च वादीवर बसवला. पिन्हे हे सुधारकांचे कैवारी होते म्हणून त्यांनी असा निकाल दिला, हे मत तेव्हा मांडले गेले व नंतरही पुष्कळदा उचलले गेले. निकालपत्राचा युक्तिवाद पाहता हे मत टिकत नाही. पिन्हे यांनी हिंदू धर्मशास्त्र मोडीत काढले नाही. त्यांनी एवढेच विचारले की, वादी जो उपाय मागत आहे तो मुळात आहे कोणता?

दाव्याचे नाव वैवाहिक हक्कांची ‘पुनःस्थापना’ असे होते. पुनःस्थापना म्हणजे जे होते व मोडले ते पूर्ववत करणे. येथे सहवास कधी सुरूच झाला नव्हता. तेव्हा वादी पुनःस्थापना मागत नसून एका प्रौढ स्त्रीच्या इच्छेविरुद्ध सहवासाचा आरंभ करून मागत होता. अशा दाव्याला इंग्रजी कायद्यात आधार सापडत नाही आणि हिंदू कायद्यात तर या जातीचा दावाच नव्हता. तो इंग्रजी न्यायालयांबरोबर या देशात आला, असे पिन्हे यांनी दाखवले. अशी सक्ती करणे क्रूर व रानटी ठरेल, असा अभिप्रायही त्यांनी नोंदवला. हा अभिप्रायच अधिक गाजला. पण निकालाचे बळ त्या कठोर शब्दांत नसून उपायाची वंशावळ तपासण्यात होते.

ती वंशावळ खरोखरच बोलकी आहे. पुनःस्थापनेचा दावा हा इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांचा उपाय होता. ख्रिस्ती विवाह मोडता येत नसे, म्हणून वेगळ्या झालेल्या जोडप्याला पुन्हा एकत्र राहण्याचा आदेश धर्मपीठ देत असे. आदेश न पाळणाऱ्याला आधी धर्मबहिष्काराची व पुढे तुरुंगाची शिक्षा असे. भारतात प्रिव्ही कौन्सिलने इ.स. १८५६ मधील एका पारशी खटल्यात हा उपाय चर्चच्या अधिकारक्षेत्रामार्फत ख्रिस्तेतरांना लागू करण्यास नकार दिला. इ.स. १८६७ मध्ये मात्र एका मुस्लिम दांपत्याच्या खटल्यात त्याच संस्थेने असा दावा दिवाणी न्यायालयात चालू शकतो असे ठरवले. पुढे उच्च न्यायालयांनी तो हिंदूंनाही लागू केला. अशा रीतीने कँटरबरीच्या धर्मपीठातील एक उपाय तीस वर्षांच्या आत हिंदू पतीचा ‘धर्मसिद्ध’ हक्क बनला.

याहून मोठा विरोधाभास इंग्लंडमध्येच घडत होता. जॉर्जिना वेल्डन या स्त्रीने आपल्या पतीविरुद्ध पुनःस्थापनेचा हुकूमनामा मिळवला आणि तो न पाळल्याबद्दल पतीला तुरुंगात जाण्याची वेळ आली. तेव्हा पार्लमेंटने इ.स. १८८४ मध्ये कायदा करून या हुकूमनाम्यासाठी असलेली तुरुंगाची शिक्षाच काढून टाकली. एका प्रतिष्ठित पुरुषावर बेतताच जो उपाय लंडनमध्ये अतिरेकी ठरला, त्याच्या आधाराने त्याच वर्षी मुंबईत एका तरुण स्त्रीवर दावा लावला जात होता. येथे दिवाणी प्रक्रिया संहितेचे (१८८२) कलम २६० जसेच्या तसे होते. हुकूमनामा न पाळणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, मालमत्तेची जप्ती, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात होती.

अपील आणि ‘कायदा आहे तसा’

अपिलाची सुनावणी मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांच्यासमोर झाली. इ.स. १८८६ मध्ये त्यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला व दावा गुणदोषांवर फेरसुनावणीसाठी परत पाठवला. हिंदू विवाह विधी पूर्ण होताच पूर्ण होतो. सहवास हा त्याचा आवश्यक भाग नाही. म्हणून सहवासापूर्वी व सहवासानंतर असा भेद करता येत नाही, असे त्यांनी धरले. मुदतीच्या कायद्यात (१८७७) अशा दाव्यांसाठी दोन वर्षांची मुदत दिली आहे आणि प्रक्रिया संहितेत त्यांच्या बजावणीची तरतूद आहे. अर्थात विधिमंडळाने हा दावा मान्य केलेलाच आहे, हा त्यांचा दुसरा आधार होता.

कायद्याच्या तंत्राने पाहिले तर हा निकाल निर्दोष वाटतो. पण त्यात प्रश्नाचे स्वरूप बदलले गेले, हे लक्षात घेतले पाहिजे. पिन्हे उपायाकडे पाहत होते: न्यायालयाने हे करावे काय? सार्जंट विवाहाकडे पाहत होते: विवाह झाला आहे काय? पहिल्या प्रश्नात रखमाबाई एक व्यक्ती म्हणून दिसतात. दुसऱ्या प्रश्नात त्या केवळ विवाहातील एक पक्ष उरतात. शिवाय हिंदू विवाहाचे स्वरूप धर्मशास्त्रातून घ्यायचे आणि त्यावरील उपाय मात्र इंग्रजी परंपरेतून घ्यायचा, अशी जी सांधेजोड येथे झाली ती दोन्ही परंपरांत नव्हती. धर्मशास्त्रकारांनी पत्नीची कर्तव्ये सांगताना कठोरपणा दाखवला आहे यात शंका नाही. परंतु राजाच्या शिपायाने तिला धरून कैदेत टाकावे असा दिवाणी उपाय ही वसाहतकालीन न्यायालयांचीच देणगी होती.

रूढीची हिरावलेली वाट

या ठिकाणी एका उपेक्षित बाबीकडे वळणे आवश्यक आहे. रखमाबाई ब्राह्मण नव्हत्या. पश्चिम भारतातील अनेक ब्राह्मणेतर जातींत पाट, मोहतूर, काडीमोड यांसारख्या रूढी प्रचलित होत्या. न नांदणारी जोडी जातपंचायतीसमोर जाई, देणेघेणे ठरे, आणि स्त्री दुसऱ्या घरी नांदू शके. पंचायतीचा न्याय आदर्श होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पंच पुरुष असत आणि दंडाचा पैसा जातीच्या जेवणावळीत जाई. तरीही विवाहातून बाहेर पडण्याचा एक दरवाजा त्या व्यवस्थेत होता.

मुंबई उच्च न्यायालयाने हा दरवाजा आधीच अरुंद केला होता. इ.स. १८६४ मधील करसन गोजा खटल्यात व इ.स. १८७६ मधील शंभू रघू खटल्यात, पहिल्या पतीच्या हयातीत जातीच्या परवानगीने दुसरा घरोबा करण्याला न्यायालयाने मान्यता नाकारली. विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची मुभा देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, हे शंभू रघू निकालात स्पष्ट करण्यात आले. त्यामागे नीतिमत्तेची कल्पना होती आणि ती कल्पना उच्चवर्णीय हिंदू व व्हिक्टोरियन इंग्रज या दोघांनाही मानवणारी होती.

हे दोन प्रवाह एकत्र ठेवले की रखमाबाईंची कोंडी उलगडते. बाहेर पडण्याचा रूढीतला मार्ग न्यायालयाने बंद केला आणि आत ओढून आणण्याचा परकीय मार्ग न्यायालयानेच उघडला. हे दोन्ही करताना आपण हिंदूंचा कायदा आहे तसा लागू करीत आहोत अशी न्यायाधीशांची प्रामाणिक समजूत होती.

४ मार्च १८८७

फेरसुनावणी न्या. फॅरन यांच्यापुढे झाली. अपील न्यायालयाने मार्ग आखून दिल्यावर त्यांना फारसा वाव उरला नव्हता. ४ मार्च १८८७ रोजी त्यांनी आदेश दिला की, रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे. न गेल्यास सहा महिन्यांची कैद भोगावी लागेल. रखमाबाईंनी आपण शिक्षा भोगू, पण जाणार नाही, असे कळवले.

या उत्तराने कायद्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. हुकूमनाम्याचे सारे सामर्थ्य तो पाळला जाईल या गृहीतकावर उभे असते. शिक्षेची भीती संपली की न्यायालयाच्या हातात केवळ शिक्षा उरते, आणि शिक्षेने दादाजींना पत्नी मिळणार नव्हती. सुशिक्षित, निष्कलंक, गुन्ह्याचा आरोप नसलेल्या स्त्रीला केवळ नकारासाठी भायखळ्याच्या तुरुंगात पाठवण्याची कल्पना सरकारलाही अडचणीची वाटू लागली.

बाहेर मतमतांतरांचे वादळ उठले होते. बेहरामजी मलबारी, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्स्वर्थ व इतरांनी रखमाबाईंच्या बचावासाठी समिती स्थापली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तर त्यांच्या बाजूने वकिलीही केली. गोपाळ गणेश आगरकर रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले, तर टिळकांनी हुकूमनाम्याच्या बाजूने लेखणी चालवली. या प्रश्नावरील मतभेदाने या दोघांतील दुरावा वाढला व त्याच वर्षी आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. पंडिता रमाबाईंनी आपल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या ग्रंथात या खटल्याची दखल घेतली. दादाजींनीही आपली बाजू मांडणारी पुस्तिका इ.स. १८८७ मध्ये काढली व रखमाबाईंनी तिला उत्तर दिले.

टिळकांच्या भूमिकेची मांडणी बहुधा सरधोपटपणे केली जाते. परकीय सरकारने कायद्याच्या आडून हिंदूंच्या गृहव्यवस्थेत हात घालू नये, हा त्यांचा राजकीय मुद्दा होता व त्याला स्वतःचे तर्कशास्त्र होते. मात्र ज्या उपायाच्या रक्षणासाठी त्यांनी हा मुद्दा वापरला तो उपायच परकीय सरकारने आणलेला होता. पिन्हे या इंग्रज न्यायाधीशाने नेमके तेच दाखवून दिले होते. राष्ट्रीय बाण्याच्या पत्राने चर्चच्या न्यायालयातील उपायाचा कैवार घ्यावा आणि इंग्रज न्यायाधीशाने तो हिंदू परंपरेत नसल्याचे सांगावे, हा या वादातील सर्वांत उद्बोधक भाग म्हटला पाहिजे.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनाम्याची बजावणी न करण्याचे मान्य केले. राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून हा विवाह रद्द केला अशी कथा आजही पुष्कळ ठिकाणी छापली जाते. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात रखमाबाईंनी राणीला साकडे घातले होते हे खरे, पण प्रश्न सुटला तो तडजोडीच्या रकमेने. विवाह कायद्याने कायमच राहिला. इ.स. १८८९ मध्ये रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केले. इ.स. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. या कृतीचा अर्थ लावण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत. एवढे मात्र निश्चित की, ज्या विवाहात राहण्यास त्यांनी नकार दिला त्याचे अस्तित्व त्यांनी कधी नाकारले नाही, आणि कायद्यानेही त्यांना ती सोय दिली नव्हती.

संमतीचे वय आणि संमती

या खटल्याचे फलित म्हणून इ.स. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याकडे बोट दाखवले जाते. हा संबंध काही अंशीच खरा आहे. त्या कायद्याला तातडीचे निमित्त मिळाले ते इ.स. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहितेच्या मृत्यूने. भारतीय दंड संहितेत तेव्हा संमतिवय दहा वर्षे असल्याने तिच्या पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही व त्याला केवळ एक वर्षाची सक्तमजुरी झाली. नव्या कायद्याने हे वय बारा केले.

रखमाबाईंना या कायद्याचा उपयोग शून्य होता, कारण दावा लागला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांनी विचारलेला प्रश्न संमतीचा होता. विधिमंडळाने उत्तर दिले ते वयाचे. ‘संमतिवय’ या शब्दात संमती नावापुरती आहे. शरीराची इजा टाळण्यापुरते राज्य पुढे आले. विवाहातील इच्छेचा प्रश्न त्याने तसाच ठेवला.

ती इच्छा कायद्याच्या भाषेत उतरण्यास फार काळ लागला. मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने (१९३९) अल्पवयात लावून दिलेला विवाह सहवास झाला नसल्यास ठरावीक वयापूर्वी नाकारण्याची मुभा मुलीला दिली. हिंदू विवाह कायद्यात अशी तरतूद इ.स. १९७६ च्या दुरुस्तीने आली. पंधरा वर्षांच्या आत विवाह झालेल्या मुलीला, सहवास झाला असो वा नसो, अठरा वर्षांच्या आत विवाह नाकारून घटस्फोट मागता येऊ लागला. बालविवाह प्रतिबंधक कायद्याने (२००६) याहून पुढे जाऊन सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत विवाह रद्द करून घेण्याची सोय केली. मार्च १८८४ मध्ये नोटीस आली त्या दिवशी रखमाबाईंचे वय एकोणीस वर्षे व चार महिने होते. हा कायदा तेव्हा असता तर त्यांच्या हातात अर्ज करण्यासाठी आठ महिने होते.

तुरुंगाच्या शिक्षेची गती याहून मंद राहिली. खटल्याच्या धामधुमीत कलम २६० बदलण्याचा विचार सरकारी पातळीवर झाला, परंतु लोकमताच्या धास्तीने तो मागे पडला. इ.स. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कैदेचा आदेश द्यावा की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर सोपवण्यात आले, आणि इ.स. १९२३ च्या दुरुस्तीने कैद पूर्णपणे वगळली गेली. जप्ती तेवढी उरली. फॅरन यांच्या आदेशानंतर छत्तीस वर्षांनी विधिमंडळाने जे केले, ते पार्लमेंटने इंग्लंडपुरते त्या आदेशाच्या तीन वर्षे आधीच केले होते.

प्रजासत्ताकात जुना उपाय

स्वातंत्र्यानंतर हा उपाय आपोआप गळून पडेल अशी अपेक्षा बाळगणे अस्वाभाविक नव्हते. प्रत्यक्षात तो हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये प्रतिष्ठापूर्वक दाखल झाला. आता तो पती व पत्नी दोघांनाही उपलब्ध होता. इ.स. १९६४ च्या दुरुस्तीने त्याला एक नवे काम मिळाले. हुकूमनाम्यानंतर ठरावीक मुदतीत एकत्र वास्तव्य न झाल्यास कोणत्याही पक्षाला घटस्फोट मागता येऊ लागला. ही मुदत आधी दोन वर्षे होती, १९७६ पासून ती एक वर्ष झाली. एकत्र आणण्यासाठी असलेला उपाय विभक्त होण्याची पायरी बनला. वकिलीच्या व्यवहारात आजही ‘कलम नऊचा दावा’ पुष्कळदा नांदवण्यासाठी लावला जात नाही. पत्नीच्या पोटगीच्या मागणीला उत्तर म्हणून किंवा पुढील घटस्फोटाची तयारी म्हणून लावला जातो.

पिन्हे यांचा प्रश्न इ.स. १९८३ मध्ये पुन्हा उभा राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयासमोरील टी. सरिता खटल्यात पत्नीचा विवाह शाळकरी वयात झाला होता, ती जवळजवळ लगेचच विभक्त झाली होती आणि दावा पाच वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आला होता. रखमाबाईंच्या खटल्याशी असलेले हे साम्य नजरेत भरणारे आहे. न्या. पी. ए. चौधरी यांनी पुनःस्थापनेचा उपाय मूळचा हिंदू नसून चर्च न्यायालयांचा असल्याचे दाखवले. मात्र पिन्हे यांच्याकडे नसलेले एक साधन त्यांच्याकडे होते. आपल्या शरीरावर कोणाचा अधिकार केव्हा चालावा हे ठरवण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कात येतो, असे सांगून त्यांनी कलम ९ घटनाबाह्य ठरवले. कायदा स्त्री-पुरुषांना समान शब्दांत लागू असला तरी गर्भधारणेचा भार एकाच पक्षावर पडतो, म्हणून ही समानता दिखाऊ आहे, हा त्यांचा मुद्दा या विषयावरील भारतीय न्यायविचारात विशेष मोलाचा आहे.

त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने नेमके उलट मत दिले. पुनःस्थापनेचा हेतू शरीरसंबंध नसून सहजीवन आहे आणि घराच्या खाजगी व्यवहारात घटनात्मक तत्त्वे आणणे विवाहसंस्थेला घातक ठरेल, असे त्या न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८४ मध्ये सरोज राणी खटल्यात दिल्लीचे मत उचलून धरले. पतिपत्नींना परस्परांच्या सहवासाचा असलेला हक्क केवळ कायद्याने निर्माण केलेला नसून विवाहसंस्थेतच अंगभूत आहे, आणि शिक्षा फक्त मालमत्तेच्या जप्तीची असल्याने सक्तीचा प्रश्न उद्भवत नाही, असे न्यायालयाने धरले. ‘विवाह आहे म्हणून हक्क आहे’ हा सार्जंट यांचा तर्क अठ्ठ्याण्णव वर्षांनी पुन्हा प्रस्थापित झाला. या खटल्यात पुनःस्थापनेचा दावा मुळात पत्नीने लावला होता. पतीने त्याला संमती दिली, नंतर एकत्र वास्तव्य झाले नाही हे कारण दाखवून घटस्फोट मागितला, आणि तो त्याला मिळाला. नांदण्याची मागणी करणाऱ्या स्त्रीलाच या उपायाने बेघर केले, याची पुरेशी चर्चा झालेली दिसत नाही. ज्या देशातून हा उपाय आला त्या इंग्लंडने तो इ.स. १९७० मध्येच रद्द केला होता.

सरोज राणी निकालाचा पाया पुढील निर्णयांनी खिळखिळा केला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१८ मध्ये व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द करताना विवाहाने स्त्रीची लैंगिक स्वायत्तता संपत नाही हे तत्त्व मान्य झाले. या दोन निकालांच्या आधारे कलम ९ ला आव्हान देणारी याचिका इ.स. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक निर्णय आला. पतीने पुनःस्थापनेचा हुकूमनामा मिळवला आणि पत्नीने तो पाळला नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप नाकारता येणार नाही. तिच्या नकारामागे पुरेसे कारण होते का, हे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हुकूमनाम्याचा व्यवहारातील सर्वांत धारदार उपयोग त्यामुळे बोथट झाला. ऐपत, प्रकृती आणि आश्रयदात्याचे चारित्र्य ही रखमाबाईंनी कैफियतीत मांडलेली कारणे ‘पुरेसे कारण’ या सदरात आज सहज बसतील. चौथे कारण, म्हणजे आपल्याला जायचे नाही हे, अजून त्या सदराबाहेर आहे.